लीलाबाईचा कप आणि अध्यक्षांचा ओठ

माझ्या दवाखान्याच्या पाटीवर दोन शब्द होते. ‘त्वचारोग’ हा रस्त्याच्या पलीकडून वाचता येई. ‘गुप्तरोग’ वाचायला पायरीपर्यंत यावं लागे. पाटी रंगवणाऱ्यानं मला विचारलं होतं, “डाक्टर, दोन्ही सारखेच मोठे काढू काय?” मी म्हटलं, “दुसरा एवढा बारीक काढ, की ज्याले गरज आहे त्यालेच दिसला पाहिजे.” त्यानं काम चोख केलं. वीस वर्षांत त्या शब्दाकडे बोट दाखवताना मी कोणाला पाहिलं नाही, आणि वीस वर्षं माझं घर त्याच शब्दावर चाललं.

धंतोलीत तेव्हाही डॉक्टरांची कमी नव्हती. हाडांचे, डोळ्यांचे, पोटाचे, सगळे एका रांगेत. चंद्रपूर-भंडाऱ्याकडून एसटीनं माणसं येत आणि नाक्यावर पत्ते विचारत. माझा पत्ता मात्र कोणी विचारत नसे. लोक शेजारच्या डोळ्यांच्या डॉक्टरांचा पत्ता विचारत आणि दोन पायऱ्या आधीच आत वळत. ते डॉक्टर सज्जन गृहस्थ. एकदा मला म्हणाले, “माझी कीर्ती एवढी कशी पसरली याचं मला नवल वाटायचं. आता उलगडा झाला.”

उन्हाळा हा माझा हंगाम. एप्रिल-मेमध्ये सारं नागपूर तोंडाला दुपट्टा गुंडाळून फिरतं. फक्त डोळे उघडे. त्या दिवसांत बापलेक माझ्या बाकावर शेजारीशेजारी बसले तरी एकमेकांना ओळखत नसत. एकदा तसं घडलंही, पण तो किस्सा सांगणार नाही, कारण लेक अजून नागपुरातच आहे.

या लेखात मी तोंडाविषयी लिहिणार आहे. संपादकांची अट आहे की दिवाळी अंक घरातल्या सगळ्यांच्या हातात पडतो, तेव्हा जपून लिहा. जपूनच लिहितो. पण जपून बोलण्यामुळेच माझ्याकडे रुग्ण येत असत, हेही नोंदवून ठेवतो.

आपल्याकडे तोंड हा निष्पाप अवयव समजला जातो. त्यानं जेवायचं, नाव घ्यायचं, भाषण करायचं. माझ्याकडे येणाऱ्या पुष्कळांची ठाम समजूत असे, की तोंडानं जे केलं ते हिशेबात धरत नाहीत. पोरबाळ होत नाही, म्हणून पाप नाही, आणि पाप नाही म्हणून रोग नाही. जंतूंना हे तर्कशास्त्र कोणी शिकवलेलं नव्हतं. गरमीचा, म्हणजे सिफिलिसचा जंतू ओल्या, मऊ कातडीतून आत शिरतो. अशी कातडी माणसाला कंबरेखाली आहे तशी ओठांवर, जिभेवर आणि घशातही आहे. तो जिथे उतरतो तिथे काही आठवड्यांनी एक फोड येतो. परम्याचा, म्हणजे गनोरियाचा जंतू घशात जाऊन बसतो आणि बहुतेक वेळा काहीच त्रास देत नाही, नुसता राहतो, बिनभाड्याच्या पाहुण्यासारखा. ओठावर येणारे हर्पीसचे पाणफोड तोंडातून खाली जातात आणि खालून तोंडात येतात. काही रोगांचा धोका तोंडाच्या वाटेनं कमी असतो, हे खरं. पण कमी म्हणजे नाही नव्हे. ही एवढी ओळ लोकांच्या गळी उतरवण्यात माझी हयात गेली.

अडचण शब्दांची होती. या क्रियेला मराठीत दोन शब्द आहेत. एक संस्कृत, तो रुग्णाला कळत नसे. दुसरी शिवी, ती मला उच्चारता येत नसे. म्हणून मी माझ्यापुरता एक मधला मार्ग काढला. आवाज खाली आणून विचारायचो, “तोंडाचा संबंध आला होता काय?” यावर भले भले गोंधळत. कंट्रोलच्या, म्हणजे रेशनच्या दुकानातला एक जण म्हणाला, “नाही जी, आमचं बोलणंच बंद आहे.”

सगळ्यांत सरळ माणूस मला भेटला तो जबलपूर रोडवर ट्रक चालवणारा एक ड्रायव्हर. त्यानं ती शिवी बिनदिक्कत वापरली आणि विचारलं, “यानं होते का रोग?” मी सांगितलं, होतो. तो म्हणाला, “बरोबर आहे. चोर खिडकीतून आला म्हणून काय पाहुणा होते?” मी त्याला निरोध वापरायला सांगितलं, तोंडाच्या वेळीही. तो म्हणाला, “डाक्टर, जिभेले लावायचा काय?” आमचे कंपाउंडर देवराव औषधाची बाटली हातात घेऊन आतल्या खोलीत पळाले आणि बराच वेळ बाहेर आले नाहीत. मी खुलासा केला. पुढे तो आपल्या गाडीतल्या क्लीनरपासून मालकापर्यंत सगळ्यांना माझ्याकडे पाठवत असे, तेही समोरच्या दारानं.

उलट, ज्यांना काहीच झालेलं नसे ते घाबरत. एक तरुण कारकून इटारसी स्टेशनवर कोणाच्या तरी उष्ट्या पेल्यातलं पाणी प्याला आणि वर्षभर रक्त तपासून घेत राहिला. मी दरवेळी सांगायचो, हे जंतू अंगाबाहेर टिकत नाहीत. पेला, टॉवेल, संडास यांच्यावर त्यांचा संसार चालत नाही. त्याला पटायचं नाही. पेल्याला दोष देण्यात एक सोय आहे. पेल्याला कोणी ‘तू कुठे होतास’ असं विचारत नाही.

लोक ओठावरच्या फोडाला नेहमी तीन कारणं सांगत: कप, चुना आणि उष्णता. नागपुरात उष्णतेवर काहीही ढकललं तरी चालतं. माझीही त्याला हरकत नसे. उष्णतेचं दुकान नसतं, तिला लेकरंबाळं नसतात. कपाचं तसं नव्हतं, हे मला लीलाबाईमुळे कळलं.

लीलाबाईचं चहाचं दुकान माझ्या दवाखान्यासमोर होतं. दुकान म्हणजे टिनाचं छप्पर, दोन बाक, एक स्टोव्ह आणि मागच्या फळीवर बुद्धाची तसबीर. छपराची मागची बाजू एका मंडळाच्या भिंतीला टेकलेली. मंडळ व्याख्यानमाला, सत्कार आणि शोकसभा करी, या क्रमाने. दीक्षा घेतलेल्या घरातली ही बाई नवरा गेल्यावर एकटीनं दुकान चालवत होती. मुलगी शिकत होती, तिला नर्स करायचं हे बाईनं ठरवलेलं. तिच्या हातचा चहा कडक आणि जीभ त्याहून कडक. “अर्धा चहा दे” म्हणणाऱ्याला ती विचारी, “काहून, अर्धंच तोंड आणलं काय?” डोळ्यांचे, हाडांचे, पोटाचे सगळे रुग्ण तिथे बसत. माझे रुग्णही बसत, डोळ्यांचे म्हणून.

त्या मंडळाचे एक अध्यक्ष होते. त्यांचं नाव सांगणार नाही. तशी गरजही नाही, कारण ते ज्या सभेत जात त्या सभेचे अध्यक्षच असत. त्यांना हार घालून घ्यायची इतकी सवय होती, की कोणी नमस्काराला हात उचलले तरी त्यांची मान आपोआप खाली येई. बोलणं असं, की ‘पाऊस पडेल’ हे वाक्यही त्यांच्या तोंडून ‘पर्जन्यवृष्टी संभवते’ असं बाहेर पडे. पान खाऊन भिंतीवर थुंकणाऱ्यांविरुद्ध त्यांनी मोठी मोहीम काढली होती. ‘तांबूल म्हणजे समाजाच्या मुखाला लागलेला काळिमा’ हे त्यांचं भाषण मी तीन वेगवेगळ्या सभांत ऐकलं. रंगाची चूक तिन्ही वेळा तीच होती.

एका उन्हाळ्यात, सारं गाव तोंड झाकून हिंडत असताना, अध्यक्ष उघड्या तोंडानं, समोरच्या दारानं माझ्या दवाखान्यात आले. तेव्हाच मी ओळखलं की आपल्याला काय झालंय याची त्यांना कल्पना नाही. खालच्या ओठावर एक फोड होता. बाकावरच्या लोकांना ऐकू जाईल अशा आवाजात त्यांनी सांगितलं, “डॉक्टर, ही आपल्या समोरच्या दुकानातील कपाची देणगी! अस्वच्छतेचा परिपाक! रविवारच्या सभेत ठराव आणतो आहे. मंडळाच्या भिंतीला टेकलेलं ते छप्पर काढून टाकायचं. त्या लोकांच्या हातचं...” आणि इथे ते थांबले, कारण अध्यक्षाला वाक्य कुठे सोडून द्यायचं हे कळतं.

मी त्यांना आत नेलं. फोडाला बोट लावलं. खालून टणक, बटणासारखा.

“दुखतं?”

“मुळीच नाही. तेच तर आश्चर्य.”

मला आश्चर्य वाटलं नाही. आमच्या धंद्यात जो फोड दुखतो तो बहुधा साधा असतो. जो दुखत नाही त्याच्यापुढे डॉक्टर खुर्ची ओढून बसतो. हनुवटीखाली गाठीही होत्या. मी आवाज खाली आणून माझा नेहमीचा प्रश्न विचारला, “अलीकडे कोणाशी तोंडाचा संबंध आला होता काय?”

“डॉक्टर,” अध्यक्ष हसून म्हणाले, “सार्वजनिक कार्यकर्त्याचा सर्वांशी तोंडाचाच संबंध असतो.”

मी रक्त घेतलं आणि शनिवारी यायला सांगितलं.

त्या चार दिवसांत समोरचे बाक ओस पडले. अध्यक्षांनी कपाची बातमी आधीच गावभर केली होती. काही जण खरोखर घाबरले होते. काहींना त्या कपाला तोंड लावायचं नव्हतंच, इतकी वर्षं केवळ कारण सापडत नव्हतं. एकानं सुधारणा म्हणून घरून पेला आणला आणि वरून धार धरून चहा ओतून घेतला. लीलाबाईनं ती केटली त्याच्या देखत नाल्यात रिकामी केली.

शुक्रवारी संध्याकाळी ती दवाखान्यात आली. बसली नाही.

“डाक्टर, एक गोष्ट खरी सांगा. माह्या कपानं रोग होते काय?”

“नाही होत.”

“मंग लोकाईले सांगून काहून नाही राहिले तुमी?”

“सांगतो न. रोज सांगतो.”

“मंग ते काय म्हणते?”

लोक काय म्हणत ते मला चांगलं ठाऊक होतं. ते विचारत, “कपानं नाही, मग अध्यक्षांना कशानं झालं?” या प्रश्नाचं उत्तर मला येत होतं, आणि ते देण्याचा मला अधिकार नव्हता. डॉक्टरानं रुग्णाचं गुपित फोडलं की त्याची पाटी उतरवून ठेवावी. ते गुपित रुग्णाचं असतं, रुग्ण कितीही फुगलेला असला तरी.

“रविवारी ठराव आहे म्हणते,” लीलाबाई म्हणाली. “छप्पर गेलं तर मी पोरीले काय सांगू? अध्यक्षाचा ओठ सुजला म्हून तुझी शाळा सुटली?” आणि जाता जाता दारात वळली. “तो मानूस महिनाभर माह्या दुकानात आलाच नाही जी. चहा नोकरासंगं मंडळात मागवते. अन् पिते बशीतून.”

शनिवारी रक्ताचा निकाल आला. अध्यक्ष आले तेव्हा मी दार लावून घेतलं आणि रोगाचं नाव सांगितलं. बाहेर देवराव सुया उकळत होते, त्यांचा खळखळ आवाज येत होता. अध्यक्षांच्या चेहऱ्यावरून रंग उतरला, आणि रंगाबरोबर सगळी संस्कृत भाषाही उतरली.

“मले? मले हे काहून होईन? तसं काही केलंच नाही न जी मी!”

“अधिवेशनाला बाहेरगावी गेला होता?”

“गेलो होतो. दीड महिना झाला. पण तसं नाही केलं. तेवढं जपलं. घरच्या लक्ष्मीची शपथ होती. फक्त...” आणि त्यांनी उजव्या हाताचं बोट उचलून स्वतःच्या ओठाकडे नेलं आणि तिथेच धरून ठेवलं. शाळेत मास्तर मुलांना गप्प बसवतात तसं.

म्हणजे माणूस व्रतही मोडायचं नाही आणि रोगही लागायचा नाही असा दुहेरी विचार करून वागला होता. एवढा विचार मंडळाच्या कारभारात केला असता तर मंडळाची इमारत पुरी झाली असती. मी त्यांना सगळं समजावून सांगितलं. जंतू व्रत तपासत नाही. तो फोड काही आठवड्यांनी आपोआप बरा होईल, आणि तोच खरा धोका. फोड जातो, रोग राहतो. पुढे अंगावर चट्टे येतात, आणि दुर्लक्ष केलं तर पुष्कळ वर्षांनी तो काळजापर्यंत, मेंदूपर्यंत पोचतो. आता औषध घेतलं तर पूर्ण बरा होतो. फोड असेतो आणि मी सांगेपर्यंत चुंबनसुद्धा नाही. वहिनींना तपासावं लागेल. आणि जिच्यापासून हे आलं त्या बाईपर्यंत निरोप पोचवावा लागेल, तिलाही औषधाची तेवढीच गरज आहे.

“घरी काय सांगू?”

“खरं सांगा. मी त्यांना आपणहून सांगायला जाणार नाही. पण त्यांनी मला विचारलं तर खोटंही बोलणार नाही. आणि उद्याचा ठराव मागे घ्या.”

ते एकदम ताठ झाले. “ठराव मंडळाचा आहे. मागे घेतला तर लोक विचारतील, कपानं नाही तर कशानं?”

“तुमचं गुपित माझ्यापाशी सुरक्षित आहे,” मी म्हटलं. “पण उद्या मी सभेला येणार आहे.”

देवरावांनी पेनिसिलिनची दोन इंजेक्शनं दिली, दोन्ही बाजूंना एकेक. ते औषध घट्ट असतं, दोन-तीन दिवस आठवण ठेवतं. त्यामुळे रविवारचं अध्यक्षस्थान त्यांनी उभ्यानंच भूषवलं. चिटणीसानं तीनदा खुर्ची पुढे केली. “जनतेसमोर मी बसत नसतो,” असं सांगून त्यांनी टाळ्या मिळवल्या.

सभा भरगच्च होती. दाराशी, चपलांजवळ, लीलाबाई उभी होती. तिला कोणी आत बोलावलं नव्हतं आणि बाहेर जा म्हणायची कोणाची छाती नव्हती. ठराव वाचला गेला. ‘सार्वजनिक आरोग्यास उत्पन्न झालेला धोका लक्षात घेता’ अशी त्याची सुरुवात होती. मी उठून बोलायची परवानगी मागितली. अध्यक्षांना ती नाकारता आली नाही.

मी सरळ सांगितलं. ओठावर येणारे असले रोग कपानं पसरत नाहीत. जंतू बशीत जगत नाहीत. माणसाच्या तोंडाला ते माणसापासूनच लागतात, आणि ज्या संबंधांना आपण संबंध म्हणत नाही त्यांतूनही लागतात. तेव्हा छप्पर पाडून कोणाचं तोंड वाचणार नाही.

पहिल्या रांगेतले एक वकील उभे राहिले. पुराव्याशिवाय ते स्वतःच्या सासऱ्यालाही नमस्कार करत नसत. “डॉक्टरसाहेब, कपानं होत नाही हे मानू. मग माननीय अध्यक्षांच्या ओठाला झालं ते कशानं? उत्तर द्या.”

सगळी सभा अध्यक्षांच्या ओठाकडे बघू लागली. अध्यक्षांनी टेबलाची कड दोन्ही हातांनी धरली.

खरं सांगायचं तर मी उत्तर तयार करून गेलो नव्हतो. मी नुसता सभेकडे पाहत राहिलो. आणि पाहता पाहता माझ्या ध्यानात आलं, की दुपट्टे काढलेले असल्यामुळे मी त्यांतल्या पुष्कळांना प्रथमच पूर्ण चेहऱ्यानं बघत होतो. पण डोळे ओळखीचे होते. चौथ्या रांगेतले डोळे, खिडकीजवळचे डोळे, चिटणीसाचे डोळे. आणि पहिल्या रांगेत उभ्या असलेल्या वकिलांचे डोळे तर मी फाल्गुनातच तपासले होते, डोळ्यांव्यतिरिक्त इतर गोष्टींसह.

“माझ्याकडे कोण कशासाठी येतो,” मी म्हटलं, “हे मी कुठेच सांगत नाही. अध्यक्षांचं सांगत नाही, तसं या सभेतल्या कोणाचंच सांगत नाही. पण कोणाला काय कशानं झालं याची चर्चाच करायची असेल, तर ती सगळ्यांची करू. मला वेळ आहे.”

मी एक शब्दसुद्धा जोरात बोललो नव्हतो. पण सभेतल्या निम्म्या माना एकदम खाली गेल्या. कोणाची चप्पल हरवली, कोणाला जाजमावरचं नक्षीकाम दिसलं. पंखा तेवढा आवाज करत होता. वकील हळूच बसले, आणि बसताबसता म्हणाले, “माझ्या मते ठराव मागे घ्यावा.” चौथ्या रांगेतून अनुमोदन आलं. खिडकीजवळूनही आलं. अनुमोदनाला एकच माणूस पुरतो हे त्या दिवशी कोणाच्या लक्षात राहिलं नाही.

पण अध्यक्षांचा ओठ तसाच राहिला होता. कप सुटला तर दोषी कोण? अध्यक्षांनी माझ्याकडे पाहिलं, दाराशी उभ्या लीलाबाईकडे पाहिलं, मग वर छताकडे. आणि आयुष्यातलं सर्वांत लहान भाषण केलं.

“चुना,” ते म्हणाले. “मी... कधीकधी पान खातो. चुन्यानं भाजलं. कपाचा दोष नव्हता.”

सभेत अशी कुजबुज झाली, की रोगाचं नाव घेतलं असतं तरी झाली नसती. काळिमा, तांबूल, समाजाचं मुख, सगळं लोकांना आठवलं. मी मात्र मनातल्या मनात त्यांना पहिल्यांदाच हार घातला. मोठी लाज झाकायला का होईना, त्यांनी छोटी लाज स्वतःच्या हातानं पांघरली, आणि तेवढ्यात एक छप्पर वाचलं. नाक्यावरच्या पानवाल्यानं पुढे कित्येक वर्षं त्यांना सोडलं नाही. ते दिसले की तो ओरडे, “साहेब, चुना कमी लावून देऊ काय जी?”

सभा संपल्यावर लीलाबाई चपलांमधून वाट काढत माझ्याजवळ आली. “चुना म्हणे,” ती म्हणाली. “कप सुटला म्हून उपकार मानू काय मी याचे?”

“नको मानू.”

“मानतच नाही,” ती म्हणाली आणि स्टोव्ह पेटवायला गेली.

तिची गिऱ्हाइकं हळूहळू परत आली. सगळी नाही. पेला घेऊन येणारा परत आला नाही, त्याच्यासारखे आणखीही काही आले नाहीत. कप निर्दोष ठरल्याचं त्यांना कळलं होतं, पण त्यांची तक्रार कपाविषयी कधीच नव्हती. अध्यक्षांनी लीलाबाईची माफी मागितली नाही. मी त्यांना तसं सुचवलं तेव्हा ते म्हणाले, “योग्य प्रसंगी विचार करू.” ठरावाची भाषा त्यांच्या तोंडी परत आली होती, यावरून प्रकृती सुधारते आहे हे मी ओळखलं. अधिवेशनाच्या गावातल्या एका डॉक्टरमित्राला कळवून त्या बाईपर्यंतही निरोप पोचवला. तिनं औषध घेतलं, असं त्यानं कळवलं.

आठ-दहा दिवसांनी दुपारच्या उन्हात वहिनी माझ्याकडे आल्या. एकट्या. तोंडावरचा दुपट्टा काढून त्यांनी नीट घडी करून मांडीवर ठेवला. मी काय बोलावं याची जुळवाजुळव करत होतो. त्यांनीच सुरुवात केली.

“डॉक्टर, तुम्ही काही सांगू नका. मंडळात चुना चालला असेल. घरी नाही चालला. पस्तीस वर्षं झाली लग्नाला, या माणसानं सत्यनारायणाचा विडासुद्धा कधी तोंडात घातला नाही. मी विचारलं, पान कोणत्या ठेल्यावर खाता? ठेला सांगता आला नाही त्यांना. मग सगळंच सांगितलं.” दुपट्ट्याची घडी पुन्हा सरळ करत त्या म्हणाल्या, “रडले. मी नाही रडले. मले काय करायचं ते सांगा.”

मी त्यांचं रक्त घेतलं. निकालाची वाट न पाहता इंजेक्शन दिलं, कारण अशा वेळी वाट पाहणं शहाणपणाचं नसतं. पुन्हा तीन महिन्यांनी तपासायचं सांगितलं. दोन्ही निकाल चांगले आले, हे इथेच सांगून टाकतो. जाताना त्यांनी एकच प्रश्न विचारला.

“तोंडानंही होते, हे यांना माहीत नव्हतं म्हणतात. खरं काय?”

“खरं आहे. पुष्कळांना माहीत नसतं.”

“मग सांगत काहून नाही कोणी? एवढी व्याख्यानं ठेवतात.”

व्याख्यानमालेत मी स्वतः दोनदा बोललो होतो. विषय होते ‘त्वचेची निगा’ आणि ‘साबणाची निवड’.

मी खिडकीतून पाहत होतो. वहिनी रस्ता ओलांडून लीलाबाईच्या दुकानात गेल्या. इंजेक्शनामुळे त्यांना बाकावर बसवेना, म्हणून खांबाला धरून उभ्या राहिल्या. मंडळाच्या अध्यक्षांची बायको त्या टिनाखाली कधी आली नव्हती. बाकावरची दोन माणसं आपोआप उठली. उन्हात रस्ता सामसूम होता, त्यामुळे बोलणं मला स्पष्ट ऐकू आलं.

“बाई, ज्या कपानं आमच्या यांना रोग झाला म्हणे, तो कोणता वं?”

लीलाबाईनं मान वर केली. समोर कोण आहे हे तिनं ओळखलं होतं. तिनं फळीवरच्या सगळ्या कपांवरून एक नजर फिरवली.

“असा कोनताच नाही, वैनी.”

“मले माहीत आहे,” वहिनी म्हणाल्या. “कोणताही दे. अन् भरून दे.”